उघडं चाक

लग्नाच्या मांडवात माणसं चपला बाहेर काढून येतात, देवळाच्या रांगेत पुढच्याची पावलं समोर असतात, घाटावर बायका दगडावर टाचा घासत बसतात. अशा ठिकाणी माझं लक्ष टाचांकडे जातं. पुष्कळदा कुणाच्या तरी टाचेच्या वर, मागच्या बाजूला तो ओळखीचा डाग दिसतो. तिथली कातडी जराशी चकाकते, आजूबाजूपेक्षा फिकट किंवा काळपट असते, कडेला वळ उठलेला असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "लहानपणी सायकलच्या चाकात पाय गेला होता." पुढे कुणी काही सांगत नाही. कांजिण्या आल्या होत्या, पेरूच्या झाडावरून पडलो होतो, चाकात पाय गेला होता. बालपणात हे व्हायचंच, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय.

मला ते तसं धरून चालायचं नाही.

माझ्याही डाव्या टाचेवर असा डाग आहे. टाचेच्या शिरेवर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड दोरीवर, पेरभर रुंद, दोन पेरं लांब. तिथली कातडी मांडीवरून काढून लावलेली आहे, त्यामुळे मांडीवरही एक फिकट चौकोन आहे. टाचेवरच्या त्या तुकड्याला घाम येत नाही. थंडीत सगळ्यांत आधी तो उलतो, म्हणून झोपताना खोबरेल लावावं लागतं. मागे पट्टा असलेली सँडल घातली की तिथे लाल होतं आणि मग फोड येतो. शाळेत काळ्या बुटांची सक्ती होती तेव्हा आईने बाईंना भेटून माझ्यासाठी चपलेची परवानगी काढली होती. मी चालते, जिने चढते, जोतिबाच्या पायऱ्याही चढून जाते. म्हणजे अशा दुखण्यात जेवढं बरं होता येतं तेवढी मी बरी झाले.

आजोळ वाळवा तालुक्यात. मामा साखर कारखान्यात कामाला होते आणि त्यांच्या काळ्या बावीस इंची सायकलवर घरातलं सगळं यायचं: दुधाची किटली, दळणाचा डबा, पेंडीचं पोतं, सुट्टीत भाचरं. मी पाच वर्षांची असताना ते मला आष्ट्याहून गावी आणत होते. हँडलला पिशव्या, कॅरिअरवर मी, दोन्हीकडे पाय टाकून. निघताना त्यांनी बजावलं होतं, पाय लांब धर. मी धरले होते. मध्येच एक झटका बसला आणि सायकल अडली. पिशवीचा बंद अडकला असेल किंवा वाळूत चाक रुतलं असेल, असं मामांना वाटलं. अडलेल्या सायकलवर कुणीही करतो तेच त्यांनी केलं, उभं राहून पायडलवर जोर दिला. माझी किंकाळी त्यानंतरची.

त्यांनी जोर दिला हे मला माहीत आहे, कारण मामांनी स्वतःच ते जन्मभर सांगितलं. मी विसरले असते, त्यांनी विसरू दिलं नाही. त्यानंतर त्यांनी कुठल्याही मुलाला कॅरिअरवर बसवून सायकल चालवली नाही. मूल सीटवर बसवायचं आणि आपण हँडल धरून चालत यायचं, मग घर कितीही लांब असो. माझं लग्न ठरत होतं तेव्हा कुणाला न सांगता ते मुलाकडच्यांकडे गेले आणि म्हणाले, पोरीच्या पायाला जे आहे ते माझ्यामुळं आहे, तिच्यात काही खोट नाही. आजीचं म्हणणं निराळं होतं. "एवढं पाय लांब धरायचं कळंना व्हय पोरीला?" ती असं म्हणायची आणि मामा गप्प बसायचे. घरात या गोष्टीचे दोनच धनी होते, एक मी आणि एक मामा. सायकलकडे बोट कुणी दाखवलं नाही. ती दुसऱ्या दिवशी तारा बदलून परत कामाला लागली.

मोठेपणी मी या विषयावर मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं, सायकलच्या दुकानात टेप घेऊन बसले. एकदा मापं घेतल्यावर मामांच्या आणि माझ्या कपाळी आलेला दोष कुठे जायला हवा होता ते मला कळलं.

आपली नेहमीची काळी सायकल घ्या. बावीस इंची हे तिच्या सांगाड्याचं माप. चाक अठ्ठावीस इंची, म्हणजे जवळपास ७० सेंटिमीटर उंच. कॅरिअर त्याच्या जरा वर. चार-पाच वर्षांच्या मुलाचा पाय कॅरिअरवरून खाली सोडला की पाऊल चाकाच्या मध्याच्या आसपास लोंबतं, जिथे पुढे सायकलच्या सांगाड्याची नळी आहे, मागे मडगार्डच्या सळया आहेत आणि मधल्या फटीतून तारा पळताहेत. मोठ्या माणसाचा पाय त्याहून खाली जातो आणि त्याला पाय फाकवून धरायची ताकद असते. लहान मुलाला मांड्या फाकवून, पाय अधांतरी, काहीही आधार न घेता धरायला सांगणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर ओट्यावर बसून करून बघा. थोड्याच वेळात मांडी भरून येते. पोर पेंगलं, बैलगाडी बघायला वळलं, खड्ड्यात सायकल आदळली, की पाय आपोआप आत येतो. त्यात त्या मुलाचं काही चुकत नाही. त्या वयाचं शरीर असंच वागतं.

आता चाकाचा वेग. या सायकलच्या मागच्या चाकाला ४० तारा असतात. चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास. ताशी १२ किलोमीटर हा काही पळवण्याचा वेग नाही, बाजारातून घरी येणारा माणूस तेवढ्यानेच येतो. त्या वेगाला चाक सेकंदाला दीड फेरा घेतं. म्हणजे एका जागेवरून सेकंदाला साठ तारा जातात. पाऊल आत गेल्यावर चाक थांबेपर्यंत अर्धा सेकंद जरी गेला तरी तीसेक तारांचा मार लागण्याची सोय झालेली असते. चाकाचा वरचा भाग पुढे जातो, त्यामुळे पाऊल पुढच्या नळीकडे ओढलं जातं आणि तार व नळी यांच्यामध्ये दाबलं जातं. रसवंतीच्या चरकात कांडं जातं तसं. त्यावर माणूस अडलेली सायकल पुढे रेटायला जोर देतो.

दांडीवर बसवलेल्या मुलाचं पाऊल पुढच्या चाकात जाऊ शकतं, तिथे नळीच्या जागी पुढचं चाक धरणारा चिमटा असतो. पण नेहमीची गोष्ट मागच्या चाकाची. टाच, टाचेची शीर आणि बाहेरचा घोटा, इजा बहुतेक इथेच होते. दोन ते आठ वर्षं हे त्याचं खास वय. पायात चप्पल असेल किंवा काहीच नसेल तर सगळा मार कातडीवर. बंद बूट असेल तर बूट फाटतो आणि पाय थोडा तरी वाचतो.

या इजेचा खरा कावेबाजपणा पुढे आहे. त्याबद्दल आपल्याकडे जवळजवळ कुणी बोलत नाही, म्हणून मी इथे जरा जास्त थांबणार आहे. १९६९ साली इझंट, रॉथमन आणि फ्रँकेल या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मुलांच्या शस्त्रक्रियेच्या एका नियतकालिकात यावर लेख लिहिला. किरकोळ समजली जाणारी पण समजली जाते त्याहून मोठी इजा, असं त्यांनी मथळ्यातच म्हटलं होतं. त्यांनी सांगितलं की इथे तीन गोष्टी एकाच वेळी होतात. तार सुरीसारखं काम करते आणि कापते. चाक आणि सांगाडा मिळून चिरडतात. आणि या दोन्हींच्या ओढाताणीत कातडी खालच्या थरापासून सरकते, सुटते. कापलेलं डोळ्यांना दिसतं, म्हणून त्यावर टाके पडतात. चिरडलेलं आणि सुटलेलं पहिल्या दिवशी दिसत नाही.

सगळी फसगत इथे होते. पहिल्या संध्याकाळी पाय सुजलेला, थोडा खरचटलेला, एखादी चीर, बस. मूल रडून झोपी जातं, घरचे सुटकेचा श्वास सोडतात. आत मात्र कातडीला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या चेंगरून बंद झालेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढते, रंग जांभळट होतो, मग एक पट्टा काळा पडायला लागतो. माझ्या बाबतीत असंच झालं. गावातल्या दवाखान्यात टाके घालून पट्टी बांधली होती. नंतर पट्टी सोडली तेव्हा टाक्यांच्या भोवतालची कातडी काळी, कोरडी, चामड्यासारखी कडक झालेली होती आणि बोट लावलं तरी मला कळत नव्हतं. आई सांगते, तिने पट्टी परत झाकली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मग आमच्याकडे मोठ्या दुखण्याला म्हणतात तसं सगळे म्हणाले, मिरजेला न्या. मिरजेत तो काळा भाग काढला, जखम लाल आणि स्वच्छ होईपर्यंत ड्रेसिंग चाललं, मग मांडीची कातडी लावली. ड्रेसिंगच्या वेळी सिस्टर जखमेला चिकटलेली जाळीदार पट्टी सलाईनच्या पाण्याने भिजवून हलके हलके सोडवायच्या. ते करताना त्या मला पाढे म्हणायला लावायच्या. सातचा पाढा अजूनही माझ्या त्या टाचेत कुठेतरी आहे.

टाचेच्या तळव्याची गादी उखडली असेल तर गोष्ट फार अवघड होते. तिथली कातडी जाड असते, तिच्याखाली चरबीचे कप्पे असतात आणि ते मिळून अंगाचा सगळा भार झेलतात. ते एकदा गेलं की दुसरीकडची कातडी लावून जागा भरते, पण तसं काम करत नाही. घट्टे पडतात, जखमा होत राहतात. आणखी एक धोका हाडाचा. मुलांच्या घोट्याजवळ, नडगीच्या आणि बाहेरच्या हाडाच्या टोकाशी, हाड वाढण्याची कूर्चा असते. ती दुखावली तर पुढे पाय वाढताना वाकडा किंवा आखूड होऊ शकतो. म्हणून चीर छोटी दिसली तरी एक्स-रे काढायलाच हवा. टाचेची शीर तुटली आहे का तेही बघायला हवं. चिरडल्याची सूज फार वाढली तर पावलाच्या आतला दाब वाढून बोटांचं रक्त थांबू शकतं. पायाला धक्का न लावताही मूल कळवळून रडत असेल, बोटं गार, पांढरी किंवा बधिर पडत असतील, तर रात्र असली तरी निघायला हवं.

मला राग कशाचा येतो ते सांगते. अपघात इतका सारखा, इतका जुना, पण त्याची नोंद आपण फक्त घरातल्या बोलण्यात ठेवली. मूल वेंधळं होतं किंवा नेणारा बेफिकीर होता. मामा बेफिकीर नव्हते. ते सावकाश चालवत होते, निघताना बजावलेलं होतं, त्यांच्या हातून व्हायला हवं होतं ते सगळं झालं होतं. पाच वर्षांच्या पोरीनेही तिला जमलं तेवढा वेळ पाय धरले होते. उघडं होतं ते चाक. सामान वाहायला म्हणून केलेल्या कॅरिअरवर आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाहतो आहोत आणि त्याच्या दोन बाजूंना काहीही लावत नाही.

दुसरीकडे हे ओळखून नियम झाले आहेत. जर्मनीच्या रस्तावाहतूक नियमांत मुलांना सायकलवर नेण्याचं कलम आहे. सात वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलाला नेताना त्याच्यासाठी खास सीट हवी आणि चाकाला आवरण किंवा तितकीच परिणामकारक सोय करून मुलाचे पाय तारांत जाणार नाहीत हे बघायला हवं, असं ते कलम सांगतं. पायाचा आणि तारांचा उल्लेख खुद्द नियमात आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते वाक्य मामांना फोनवर मराठीत करून सांगितलं. नेदरलँड्समध्ये आठ वर्षांखालच्या मुलाच्या सीटला पाठ, हात आणि पाय यांना पुरेसा आधार असायला हवा. तिथेही पाय चाकात जायचे थांबलेले नाहीत, कारण आजी-आजोबा, शेजारी, मोठी भावंडं सीटशिवाय बसवतातच. पण निदान तिथे जबाबदारी कुठे आहे ते लिहून ठेवलेलं आहे.

आपल्याकडे नियम अगदीच नाही असं नाही. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम मोटारसायकलला लागू आहे. मागे बसणाऱ्याला धरायला जागा, पाय ठेवायला जागा, आणि मागचं चाक निम्म्यापेक्षा कमी नाही इतकं झाकणारं साधन हवं, असं तो म्हणतो. कशासाठी? मागे बसलेल्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. साडी, ओढणी अडकून बायका मेल्या आहेत, त्यामुळे हा नियम हवाच आणि तो कडक पाळायलाही हवा. पण साडीगार्ड बहुधा डावीकडेच असतं, कारण साडीतली बाई डावीकडे पाय सोडून एका अंगाने बसते. मूल दोन्हीकडे पाय टाकून बसतं. त्याच्या उजव्या पायाचा विचार त्यात नाही. आणि सायकलला तर मोटार वाहनाचा नियम लागूच होत नाही. हल्ली मोटारसायकलच्या चाकात जाणारे मुलांचे पायही डॉक्टर बघतात आणि तिथली इजा जास्त भयंकर असते, कारण इंजिन थकत नाही आणि चाक सहज थांबत नाही.

आमच्या कोल्हापुरातल्या चौकात एक सायकल मिस्त्री आहेत. शेजारच्या वहिनी मुलाला कॅरिअरवर बसवून अंगणवाडीत सोडतात आणि पुढे धुणीभांड्यांच्या कामाला जातात. विकतची बेबी सीट त्यांना परवडत नव्हती आणि ती काढून-घालून कॅरिअरवर सामान नेणंही जमण्यासारखं नव्हतं. मी मिस्त्रींना म्हटलं, चाक झाकून द्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग चाकाकडे, मग दुकानाच्या मागून रंगाची रिकामी वीस लिटरची बादली आणली. तिचा बूड आणि गळा करवतीने कापून काढला, उभी चीर देऊन प्लास्टिक उलगडलं, उन्हात दगडाखाली सपाट व्हायला ठेवलं. त्यावर खडूने चाकाच्या गोलाईचे दोन तुकडे आखले. कापल्यावर कडा पॉलिश पेपरने घासल्या, कारण धारदार कड राहिली तर ती पोराच्या पोटरीला लागेल, हे त्यांनी न सांगता केलं. सळई तापवून भोकं पाडली. बांधकामाच्या तारेने ते तुकडे मडगार्डच्या सळयांना आणि कॅरिअरच्या पायांना आवळले, तारेची टोकं बाहेर न ठेवता आत वळवली. उजवीकडे चेनकव्हर आड येत होतं, तिथे तुकडा जरा वर उचलून परत कापला. मग सायकल स्टँडवर उभी करून चाक फिरवलं. एका जागी घासल्याचा आवाज आला. चाकाला थोडा आऊट होता, म्हणजे ते जरा वाकडं फिरत होतं. तो काढला आणि परत फिरवलं. शेवटी कॅरिअरच्या दोन्ही पायांना पट्टीचे दोन तुकडे नटबोल्टने बसवले, पोराला पाय टेकवायला.

ही पाय टेकवायची जागा मला झाकणाइतकीच महत्त्वाची वाटते. पाय टेकला की मांडी थकत नाही, आणि मांडी थकली नाही की पाय आत येत नाही. वहिनींच्या मुलाने बसल्याबरोबर दोन्ही पाय त्यावर ठेवले आणि मग ते खाली घ्यायलाच तयार होईना. मिस्त्रींनी सामानाचे पैसे घेतले नाहीत, मजुरीचे घेतले. त्यानंतर त्यांनी आणखी काही सायकलींना हे करून दिलं आहे. दुकानात नायलॉनच्या किंवा तारेच्या तयार जाळ्याही मिळतात. त्या बसवल्या तरी चालतात, फक्त भोकं इतकी बारीक हवीत की मुलाचं बोट आत जाऊ नये, आणि जाळी सैल नको.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवीपासून पुढच्या मुलींना सायकली मिळाल्या. ही फार चांगली गोष्ट झाली, कित्येक मुलींची शाळा त्यामुळे टिकली. पण सकाळी गावाच्या रस्त्यावर उभं राहिलं की दिसतं, दोन वेण्या, पाठीवर दप्तर, आणि मागे कॅरिअरवर धाकटा भाऊ किंवा बहीण. आई शेतावर गेलेली असते, त्यामुळे धाकट्याला अंगणवाडीत पोचवायचं काम ताईकडे. चाकात पाय गेला तर दोष तेरा-चौदा वर्षांच्या त्या मुलीवर येणार आणि मामांसारखा तो तिच्याबरोबर राहणार. वाटल्या जाणाऱ्या सायकलींना दोन्ही बाजूंनी जाळी आणि पाय टेकवायला पट्टी एवढी अट खरेदीच्या कागदात घातली तर सायकलची किंमत फारशी वाढणार नाही. माझ्या ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी शाळेतल्या सायकलींना पालकांकडून जाळ्या बसवून घेतल्या, त्यांना कुणाचा आदेश लागला नाही.

आणि जाळी बसेपर्यंत कुणाचा पाय गेलाच, तर: सायकल जागेवर थांबवा, एकाने मुलाला उचलून धरा म्हणजे पायावर भार येणार नाही. पाय ओढू नका. चाक अलगद मागे फिरवून पाय सुटत असेल तर ठीक, नाहीतर पकडीने तारा तोडा, तारा स्वस्त असतात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा. हळद, कॉफी, तंबाखू, टूथपेस्ट, काहीही भरू नका. लोंबणारी कातडी कापू नका, होती तशी जागेवर ठेवून झाका. तेल लावून चोळू नका. पाय छातीपेक्षा उंच ठेवून दवाखान्यात न्या, एक्स-रे मागा, धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर सांगा. चाकात पाय गेला होता हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा, नुसतं पडला म्हणू नका, कारण चिरडलं आहे हे त्यावरून कळतं. आणि घरी पाठवलं तरी दोन दिवसांनी पट्टी सोडून दाखवायला परत जा, मूल हसत-खेळत असलं तरी.